समलिंगीस्नेही पर्यटन (महाराष्ट्र)

समलिंगीस्नेही पर्यटन म्हणजे समलिंगी, उभयलैंगिक व तृतीयपंथी प्रवाशांना आपली ओळख न लपवता, तसेच अपमानाची वा छळाची भीती न बाळगता प्रवास, निवास, भोजन व करमणूक करता येईल अशा स्थळांचे आणि सेवांचे पर्यटन होय. पाश्चात्त्य देशांत या संज्ञेने विशिष्ट वस्त्या, मद्यगृहे आणि हॉटेले सूचित होतात. महाराष्ट्रात अशी कायमस्वरूपी ठिकाणे फारच थोडी आहेत. येथे हा स्नेह बहुधा जागेला नव्हे, तर वाराला आणि वेळेला बांधलेला राहिला आहे: अमुक मद्यगृहातील शनिवारची रात्र, तमुक संस्थेची रविवारची बैठक, वर्षातून एकदा निघणारी पदयात्रा. त्यामुळे या विषयाचा येथील इतिहास हा इमारतींपेक्षा भेटीगाठींचा इतिहास आहे. प्रस्तुत लेखात मुंबई व पुणे या शहरांचा आणि सोलापूरसारख्या शहरांतून तेथे जाणाऱ्या प्रवाशाचा मुख्यतः विचार केला आहे.

संज्ञा

'पर्यावरणस्नेही', 'ग्राहकस्नेही' या शब्दांच्या धर्तीवर 'समलिंगीस्नेही' हा शब्द घडविला गेला आहे. मराठीत 'समलिंगी' व 'समलैंगिक' असे दोन्ही शब्द रूढ आहेत. या लेखात पहिला स्वीकारला आहे, कारण तो व्यक्तीचा निर्देश करतो. दुसऱ्यात कृतीकडे बोट दाखविल्याचा ध्वनी उमटतो. 'स्नेही' या उत्तरपदाच्या अर्थछटा मात्र सैल आहेत. केवळ प्रश्न न विचारणे, माहीत असूनही सौजन्याने वागणे आणि उघडपणे स्वागत करणे या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. महाराष्ट्रातील बहुसंख्य हॉटेले पहिल्या प्रकारात मोडतात, आणि जाहिरातींत त्यालाच तिसऱ्या प्रकाराचे नाव दिले जाते.

मार्गदर्शिकांची परंपरा

ज्यांच्यासाठी प्रत्येक दार उघडे नसते, त्यांना कोणते दार उघडे आहे याची यादी लागते. अमेरिकेत कृष्णवर्णीय मोटारप्रवाशांसाठी व्हिक्टर ह्यूगो ग्रीन यांनी १९३६ मध्ये अशी यादी पुस्तकरूपाने काढली व ती पुढे 'ग्रीन बुक' या नावाने प्रसिद्ध झाली. समलिंगी प्रवाशांसाठी बॉब डॅमरन यांनी १९६४ मध्ये खिशात मावेल अशी मद्यगृहांची पत्तेवही छापली. १९७० मध्ये 'स्पार्टाकस' ही आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिका निघू लागली, तर १९८३ मध्ये या क्षेत्रातील व्यावसायिकांची आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली. ॲम्स्टरडॅम येथे १९८७ मध्ये छळ सोसलेल्या समलिंगी व्यक्तींचे स्मारक उभे राहिले आणि ते शहराच्या पर्यटनाचा भाग बनले.

भारतात या परंपरेशी नाते सांगणारे पहिले महत्त्वाचे प्रकाशन म्हणजे पत्रकार अशोक राव कवी यांनी १९९० मध्ये मुंबईत सुरू केलेले 'बॉम्बे दोस्त' हे नियतकालिक. ती पर्यटन-मार्गदर्शिका नव्हती. परंतु भ्रमणध्वनी व इंटरनेट नसलेल्या त्या काळात दूरच्या गावातील वाचकाला 'आपल्यासारखे आणखी लोक आहेत आणि ते मुंबईत अमुक ठिकाणी आहेत' एवढी माहिती मिळणे हेच मोठे काम होते.

कायदेशीर पार्श्वभूमी

१८६० च्या भारतीय दंड संहितेतील कलम ३७७ अन्वये समलिंगी संबंध गुन्हा ठरत होते. २ जुलै २००९ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने प्रौढांमधील संमतीचे खाजगी संबंध या कलमातून वगळले. ११ डिसेंबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरविला. आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी नवतेज सिंग जोहर खटल्यात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने हे संबंध अंतिमतः गुन्ह्याच्या कक्षेबाहेर काढले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत या कलमाला समांतर तरतूद नाही.

प्रवाशाच्या दृष्टीने याहून जवळचा प्रश्न हॉटेलच्या दाराशी सुरू होतो. राज्यघटनेच्या अनुच्छेद १५ (२) मध्ये दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले व करमणुकीची ठिकाणे यांचा स्पष्ट उल्लेख आहे. धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान या कारणांवरून तेथे कोणालाही प्रवेश नाकारता येत नाही. ही तरतूद अस्पृश्यतेच्या अनुभवातून आलेली आहे, हे विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावे. दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ च्या निकालात लैंगिक कल हा 'लिंग' या आधाराशी समधर्मी मानला होता, आणि २०१८ च्या निकालानेही भेदभावाविरुद्धच्या युक्तिवादाला बळ दिले. तथापि खाजगी हॉटेलचालकाने समलिंगी ग्राहकाला परत पाठविल्यास थेट दाद मागता येईल असा स्वतंत्र कायदा संसदेने केलेला नाही. तृतीयपंथी व्यक्तींसाठी तो आहे: २०१९ च्या तृतीयपंथी व्यक्ती (हक्कांचे संरक्षण) अधिनियमाच्या कलम ३ ने निवास, सेवा व सुविधा नाकारण्यास मनाई केली आहे. समलिंगी विवाहास मान्यता देण्यास सर्वोच्च न्यायालयाने १७ ऑक्टोबर २०२३ रोजी नकार दिला. त्यामुळे दोन समलिंगी जोडीदार हॉटेलच्या नोंदवहीत 'पती-पत्नी'च्या रकान्यात बसत नाहीत. ते मित्र, सहकारी अथवा नातेवाईक म्हणूनच नोंदले जातात.

मुंबई

मुंबईतील जुन्या भेटीच्या जागा सार्वजनिकच होत्या: रेल्वे स्थानके, उद्याने, समुद्रकिनाऱ्याचे कठडे. पैसे पडत नसत आणि कोणी कोणाला विचारत नसे, परंतु पोलीस व खंडणीखोर यांचा धोका कायम असे. आर. राज राव यांच्या 'द बॉयफ्रेंड' (२००३) या इंग्रजी कादंबरीत चर्चगेट स्थानकाला मिळालेले स्थान या वास्तवातूनच आले आहे.

१९९४ मध्ये 'हमसफर ट्रस्ट' ही संस्था स्थापन झाली आणि तिला सांताक्रूझ पूर्वेकडील वाकोला येथे महानगरपालिकेच्या इमारतीत जागा मिळाली. आरोग्यसेवा, समुपदेशन व कायदेविषयक साहाय्य यांबरोबरच संस्थेने बैठकांची परंपरा सुरू केली. मुंबईत प्रथमच येणाऱ्या तरुणाला मद्यगृहापेक्षा ही बैठक अधिक उपयोगी पडते, असे म्हणता येईल; तिथे प्रवेशशुल्क नाही आणि पोशाखाची अट नाही. स्त्रियांसाठी १९९५ मध्ये 'स्त्री संगम' हा गट निर्माण झाला, तो पुढे 'लेबिया' या नावाने ओळखला गेला. १९९८ मध्ये सुरू झालेल्या 'गे बॉम्बे' या गटाने रविवारच्या भेटी, पालकांच्या सभा आणि नृत्यरात्री असे तिन्ही उपक्रम चालविले. यांपैकी पालकांच्या सभांचा उल्लेख पर्यटनाच्या लेखात अप्रस्तुत वाटेल. पण मुलाने शहरात कोठे जावे हे ठरविताना आईवडिलांना ते सांगता येईल की नाही, हाच महाराष्ट्रात बहुतेकदा निर्णायक प्रश्न असतो.

मद्यगृहे व नृत्यरात्री

कुलाब्यातील 'वूडू' हे मद्यगृह अनेक वर्षे शनिवारच्या रात्री समलिंगी पुरुषांच्या भेटीचे ठिकाण होते. इतर वारी ते साधारण मद्यगृहच असे. ते बंद झाल्यानंतर शहरात त्याच्यासारखे कायमचे ठिकाण रुजले नाही. त्याऐवजी आयोजकांनी एखादे मद्यगृह वा नृत्यगृह एका रात्रीपुरते ठरवून घेण्याची पद्धत पडली. मालकाला ज्या वारी गिऱ्हाईक कमी, तो वार बहुधा मिळे. जागेचा पत्ता सुरुवातीच्या काळात ई-मेलने किंवा दूरध्वनीवर, तोही ऐन वेळी कळविला जाई; दारावर फलक नसे. शेजाऱ्यांनी तक्रार केली किंवा पोलिसांनी चौकशी केली की पुढची रात्र दुसऱ्या जागी हलविली जाई. आज अशा कार्यक्रमांची जाहिरात समाजमाध्यमांवर उघडपणे होते, परंतु जागा बदलत राहण्याची रीत कायम आहे. म्हणून वर्षापूर्वीच्या यादीवर विसंबून मुंबईत येणाऱ्या पाहुण्याची निराशा होण्याचा संभव मोठा असतो.

या रात्रींची गरज का पडली, याचे एक साधे कारण आहे. मुंबई-पुण्यातील अनेक नृत्यगृहांत पुरुषाला स्त्रीच्या सोबतीशिवाय प्रवेश मिळत नाही अथवा जादा शुल्क भरावे लागते. स्त्रियांना त्रास होऊ नये व गर्दीचे प्रमाण राखले जावे, हा या नियमामागील हेतू सांगितला जातो. पण त्यामुळे दोन पुरुषांचे जोडपे जोडपे म्हणून मोजलेच जात नाही आणि दाराबाहेर उभे राहते. नियम करणाऱ्याच्या मनात त्यांना वगळण्याचा हेतू असेलच असे नाही. ते त्याच्या मनातच आलेले नसतात. महाराष्ट्रात बिअरसाठी २१ व कडक मद्यासाठी २५ वर्षे ही वयोमर्यादा आहे, हेही बाहेरगावच्या विद्यार्थी-पाहुण्यांनी ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

मोठ्या हॉटेल समूहांपैकी 'द ललित'ने उघड स्वागताची भूमिका घेतली. समूहाचे केशव सुरी हे कलम ३७७ विरुद्ध २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या याचिकाकर्त्यांपैकी एक होते. या समूहाच्या 'किट्टी सू' या नृत्यगृहांत स्त्रीवेशातील कलावंतांचे प्रयोग नियमितपणे होऊ लागले; समूहाचे मुंबईतील हॉटेल विमानतळाजवळ सहार येथे आहे. पंचतारांकित दर सर्वांना परवडणारे नाहीत, हा आक्षेप त्यावर घेतला जातो आणि तो खोटा नाही. अंधेरीतील वर्सोवा भागात २०२२ मध्ये सुरू झालेल्या 'बम्बई नजरिया' या उपाहारगृहाने तृतीयपंथी कर्मचारी नेमले. तेथे प्रश्न ग्राहकाचे स्वागत कोण करते एवढाच नाही, तर स्वागत करण्याची नोकरी कोणाला मिळते हाही आहे.

पदयात्रा व महोत्सव

१६ ऑगस्ट २००८ रोजी मुंबईत 'क्विअर आझादी' पदयात्रा ऑगस्ट क्रांती मैदानावरून निघाली. छोडो भारत चळवळीच्या या मैदानाची व स्वातंत्र्यदिनालगतच्या दिवसाची निवड हेतुपूर्वक होती. इंग्रजांनी आणलेल्या कलमाविरुद्धची ती मागणी होती. पुढे ही यात्रा जानेवारीअखेर वा फेब्रुवारीच्या आरंभी होऊ लागली. २०२० मध्ये ऑगस्ट क्रांती मैदानावरून निघण्यास परवानगी मिळाली नाही आणि लोक आझाद मैदानावर जमले. यात्रेच्या आठवड्यात बाहेरगावचे लोक मोठ्या संख्येने मुंबईत येतात. समलिंगीस्नेही पर्यटनाचा 'हंगाम' म्हणावा असे काही महाराष्ट्रात असेल, तर तो हाच.

दिग्दर्शक श्रीधर रंगायन यांनी २०१० मध्ये सुरू केलेला 'कशिश' चित्रपट महोत्सव हे दुसरे मोठे आकर्षण होय. काही वर्षे तो मरीन लाइन्स येथील लिबर्टी या जुन्या, देखण्या चित्रपटगृहात भरला. अंधारात बसून चित्रपट पाहण्यास जाणे हे कोणालाही सांगण्याजोगे कारण असल्याने, पदयात्रेत चालण्याचे धैर्य नसलेले अनेक जण महोत्सवाला येतात.

पुणे

पुण्यातील कामाचा पाया बिंदुमाधव खिरे यांनी २००२ मध्ये स्थापन केलेल्या 'समपथिक ट्रस्ट'ने घातला. खिरे यांचे बरेच लेखन मराठीत असून, इंग्रजी न येणाऱ्या वाचकाला या विषयावर आपल्या भाषेत काही वाचावयास मिळावे, हे त्यांचे मोठे योगदान आहे. पुण्यातील पहिली पदयात्रा ११ डिसेंबर २०११ रोजी निघाली. २०१७ च्या यात्रेपूर्वी सहभागी व्यक्तींनी सभ्य पोशाख करावा, असे आवाहन आयोजकांनी केल्यावर मोठा वाद झाला. शहराची सहानुभूती मिळवायची असेल तर शहराला रुचेल असे दिसावे, ही एक बाजू. जेथे वर्षातून एकदाच मनाजोगे दिसता येते, तेथेही दिसण्यावर नियम का, ही दुसरी. मुंबईची यात्रा उत्सवी व पुण्याची संयत, असा भेद प्रवासी करतात त्याच्या मुळाशी हा वाद आहे.

साहित्यात पुण्याचे एक घर या संदर्भात आठवते. सचिन कुंडलकर यांच्या 'कोबाल्ट ब्लू' (२००६) या कादंबरीत घरी भाड्याने राहावयास आलेल्या तरुणावर भाऊ व बहीण दोघेही प्रेम करतात. २०२२ मध्ये प्रदर्शित झालेल्या चित्रपटात मात्र हे कथानक केरळमधील कोचीत घडते.

हॉटेल व लॉजमधील निवास

भारतातील लॉज-व्यवस्थेचा एक विरोधाभास या विषयाच्या केंद्रस्थानी आहे. अविवाहित स्त्री-पुरुष जोडप्याला खोली देताना अनेक ठिकाणी विवाहाचा पुरावा मागितला जातो किंवा स्थानिक ओळखपत्र असल्यास नकार मिळतो. तशी सक्ती करणारा कायदा नाही. हॉटेलचालकाचा तो स्वतःचा नियम असतो. ऑगस्ट २०१५ मध्ये मुंबईतील मढ व अक्सा भागातील हॉटेलांवर छापे घालून पोलिसांनी अनेक जोडप्यांना सार्वजनिक असभ्य वर्तनाच्या कलमाखाली ताब्यात घेतले, तेव्हा त्यावर देशभर टीका झाली. दोन पुरुषांना मात्र एक खोली घेताना कोणी काही विचारत नाही. व्यापारी, वैद्यकीय प्रतिनिधी, परीक्षार्थी, वारकरी असे पुरुष नेहमीच खोली वाटून घेत आले आहेत. परदेशात समलिंगी जोडप्याला एकच पलंग मागताना संकोच होतो, आणि येथे तो 'डबल बेड' म्हणून आपोआप मिळतो. या सोयीची किंमत एकच आहे: आपण कोण आहोत हे कोणाच्या लक्षात येता कामा नये.

दोन स्त्रियांची स्थिती याहून कठीण असते. 'सोबत कोणी नाही का?' हा प्रश्न लहान गावांतील लॉजवर त्यांना विचारला जातोच. तृतीयपंथी प्रवाशाची अडचण सर्वांत मोठी, कारण त्याला अदृश्य राहताच येत नाही. ओळखपत्रावरील नाव, छायाचित्र व लिंग यांचा प्रत्यक्ष रूपाशी मेळ नसला की स्वागतकक्षातच चौकशी सुरू होते. २०१९ च्या अधिनियमानुसार जिल्हादंडाधिकाऱ्यांकडून ओळख-प्रमाणपत्र मिळते व त्यासाठी २०२० पासून राष्ट्रीय संकेतस्थळावर अर्ज करता येतो. रेल्वे आरक्षणाच्या अर्जातही तृतीयपंथी हा पर्याय आहे. प्रमाणपत्र हाती असले की निदान वादाची भाषा कायद्याची होते.

देवस्थानांच्या भक्तनिवासांचा नियम आणखी निराळा आहे. अनेक ठिकाणी एकट्या व्यक्तीला खोली देत नाहीत. कुटुंबाला प्राधान्य असते आणि दोघे मित्र असल्यास सहसा चालते.

सोलापूरहून प्रवास

सोलापूर हे मराठी, कन्नड व तेलुगू बोलणाऱ्यांचे, कापड-उद्योगावर वाढलेले शहर. येथे समलिंगी व्यक्तींसाठी म्हणून ओळखले जाणारे हॉटेल वा मद्यगृह नाही. स्थानक व बसस्थानक परिसरातील लॉज पंढरपूर, अक्कलकोट व तुळजापूरच्या यात्रेकरूंवर चालतात आणि वर सांगितलेले 'न विचारण्याचे' तत्त्व त्यांनाही लागू आहे. मात्र शहरातीलच रहिवाशाला त्याचा उपयोग होत नाही. स्थानिक पत्त्याचे ओळखपत्र पाहताच शंका येते, शिवाय ज्या गावात नोंदवही लिहिणारा वडिलांना ओळखत असतो, तेथे कोणतेही हॉटेल पुरेसे स्नेही नसते.

म्हणून सोलापूरकराच्या बाबतीत या पर्यटनाचा अर्थ उलटा होतो. पर्यटक अनोळखी शहरात ओळख शोधतो. इथला तरुण अनोळखीपणाच शोधत जातो. रात्री सुटून सकाळी मुंबईत पोहोचणारी सिद्धेश्वर एक्सप्रेस, पुण्याला सुमारे चार तासांत नेणारी हुतात्मा एक्सप्रेस आणि १० फेब्रुवारी २०२३ पासून धावू लागलेली वंदे भारत या गाड्यांनी हा प्रवास दिवस-दोन दिवसांत आटोपण्याजोगा केला आहे. परीक्षा, मुलाखत, मालाची खरेदी अशी कारणे घरी सांगितली जातात. परतीच्या गाडीत बसेपर्यंत तो शहरात असतो तसा असतो.

याच जिल्ह्यात उघडपणे जगण्याची उदाहरणे नाहीत, असा समज मात्र चुकीचा ठरेल. यल्लम्मा देवीच्या उपासनेत जोगत्यांची परंपरा सीमाभागात पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. तिच्यात स्त्रीवेश धारण करणाऱ्या पुरुषांना धार्मिक स्थान आहे, पण त्याच्याशी दारिद्र्य व शोषणही जोडलेले आहे. 'जोगवा' (२००९) या मराठी चित्रपटाने ते मांडले. माळशिरस तालुक्यातील तरंगफळ येथे २०१७ मध्ये 'माउली' या नावाने परिचित असलेल्या ज्ञानदेव कांबळे यांना ग्रामस्थांनी सरपंचपदी निवडून दिले. तृतीयपंथी व्यक्ती थेट सरपंच होण्याचे महाराष्ट्रातील ते पहिले उदाहरण म्हणून गाजले. गावाने ज्यांना जवळून पाहिले त्यांनाच निवडले, ही बाब मोठ्या शहराच्या अनोळखीपणालाच मोकळीक समजणाऱ्यांनी विचारात घ्यावी अशी आहे.

सुरक्षितता

भ्रमणध्वनीवरील ओळखी जुळविणाऱ्या ॲपमुळे परक्या शहरात भेट ठरविणे सोपे झाले, तसे फसवणुकीचे मार्गही वाढले. भेटीस बोलावून लुटणे, छायाचित्रे घेऊन पैसे उकळणे असे गुन्हे वेळोवेळी उघडकीस आले आहेत. २०१८ पूर्वी खंडणीखोर पोलिसांची धमकी देत. आता 'घरी सांगू' ही धमकी पुरते. ज्याने हे घरी सांगितलेले नाही, असा बाहेरगावचा प्रवासी त्यांना अधिक सोपा वाटतो. पहिली भेट सार्वजनिक उपाहारगृहात घेणे, मुक्कामाचा पत्ता एका विश्वासू मित्राला कळविणे आणि खोलीत भेट टाळणे या सूचना संस्था देतात. खंडणी मागणे हा स्वतंत्र गुन्हा असून तक्रार करणाऱ्याच्या लैंगिक कलामुळे आता तोच आरोपी ठरत नाही. ठाण्यात एकट्याने जाण्याचा धीर होत नसेल, तर वर उल्लेखिलेल्या संस्थांचे कार्यकर्ते सोबत येतात.